जिन म्हणजे काय

१

सकाळी वलगावहून अमरावतीले निघाली की माझ्या डोक्यावरच्या पाटीत वांगी असत, सांभार म्हणजे कोथिंबीर असे, हिरव्या मिरच्या असत. अन् मागं, बऱ्याच मागं, आमचे हे असत. बाईनं नवऱ्याच्या मागं चालावं म्हणतात. पण ह्याईच्या मागं चालाचं म्हणजे वांगी रस्त्यातच वाळाची. दर झाडाखाली टेकाचं, दर गाडीवानाले "कुठून आले बावा, कुठी चालले" विचाराचं, अन् तो सांगन ते सगळं आयकाचं. मी पुढं जाऊन उभी राहो, अन् हे आले की म्हणो, "आले काय महाराज? पालखी पाठवू काय?"

नवऱ्याचं नाव घेऊ नये. पण मी नुसतं 'हे' 'हे' करत बसली तं तुमाले वाटन, कोनाबद्दल बोलून राहिली ही. म्हणून एकदा सांगते, नत्थुजी. झालं.

त्या सालात अमेरिका नावाच्या कोन्या मुलखात भांडण लागलं होतं. भाऊभाऊ लढत तिकडं अन् तोरणं लागत इकडं. वऱ्हाडच्या कापसाले असा भाव कधी कोनी पाह्यला नव्हता. जो तो कापूस पेरे, कापूस बोले, रात्री झोपीत कापूसच वेचे.

एका संध्याकाळी हे घरी आले अन् म्हणाले, "शेठनं जीन आणलं."

मी भाकर थापून राहिली होती. म्हटलं, "अन् घोडं?"

"घोडं कायचं?"

"जीन आणलं तं घोडं पायजेच. मोठं हाय काय?"

"चार बैलजोड्या लावून ओढत आणलं."

"अगं माय! येवढं जीन? मंग घोडं केवढं असन?"

हे जे हसले ते हातातला तांब्या सांडला. मले काय माहीत, गोऱ्या लोकाईच्या बोलीत जीन म्हणजे सरकी काढाचं यंत्र. माझ्या बापाघरी घोडी होती, तिच्या पाठीवर घालत ते जीन. ह्याईनं हे सगळ्या वलगावात सांगतलं. पुढं कित्येक दिवस मले पाहून पोरी खिंकाळत.

पण फसली मी एकटीच नव्हती. यंत्राले तेल देणारे दिलावर मियाँ, ते नाव आयकून कानाले हात लावत. त्याईच्या लेखी जिन म्हणजे ते, जे रिकाम्या घरात राह्यते अन् ज्याचं नाव तिनीसांजा घेऊ नये. हुकमीचंद शेठ जैन, त्याच्या तं देवाचंच नाव जिन. तो दर वेळी नाव निघालं की हात जोडे, मग कापसाचा भाव विचारे. एका शब्दाचे असे चार धनी, अन् सगळे एकाच छपराखाली. मले लय मौज वाटे. निदान माझं घोडं तरी कोनाले खात नव्हतं.

२

वलगाव रस्त्याले लांब कौलारू घर होतं ते. बाहेर बैल गोल फिरत, त्याईच्या फिरण्यानं लाकडाचा जाडजूड दांडा भिंतीतून आत फिरे, अन् आत यंत्राचे दाते कापूस ओढत. सरकी इकडं पडे. रुई भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडं उडे, रुईच्या कोठीत.

सकाळी राजापेठेत भाजी विकली की मी तिथीच यो. अंगणात आमी बाया बसून कापसातला काडीकचरा वेचत असो. अन् हे कोठीत रुई तुडवत. लाकडाच्या चौकटीले मोठा बोरा, म्हणजे पोतं, टांगलेला असे. त्यात हे उतरत, वरून रुई ओढून घेत अन् पायानं दाबत. आधी नुसतं मुंडासं दिसे. बोरा भरत जाये तसे हे वर येत, विहिरीतून वर येणाऱ्या माणसासारखे.

त्या कोठीले एकच दार. उंचावर एक जाळीची खिडकी. मी एकदाच उंबऱ्यापाशी उभी राहून ह्याईले हाक मारली होती, पानी पायजे काय म्हणून. माझी हाक माझ्याच तोंडासमोर खाली पडली. भिंती आवाज परतच देत नव्हत्या. आपण बोललो की नाई, हेच कळे ना. गुडघाभर, कंबरभर, अन् मागच्या कोपऱ्यात छपराले टेकन येवढी रुई. पांढरं इतकं की डोळ्याले खोली किती लांब हाय ते समजत नव्हतं.

भर दुपारी बैल सोडत. यंत्र थांबे. सकाळपासून कानात भरलेली घरघर एकदम बंद झाली की कान दुखल्यासारखे होत. मग आमी निंबाखाली भाकर सोडो.

त्या दिवशीही तसंच. हे माझ्या बाजूलेच बसले होते, कांदा फोडून राहिले होते. पार्बताबाई, माझ्या शेजारची, आपल्या सुनेची तक्रार सांगून राहिली होती. दिलावर मियाँ पलीकडं विहिरीपाशी हात धूत होते. शेठ ओट्यावर. सगळे बाहेर. कोठीत कोनी नाई.

अन् कोठीतून आवाज आला. "जिन."

मोठ्यानं नाई. रागानं नाई. शेजारच्याले कोनी हळूच सांगावं तसं.

पार्बताबाईचा घास तोंडात राहिला. परत आला. "जिन."

"अवो," मी ह्याईले म्हटलं, "तुमी इथीच हा ना?"

"मी इथी नसीन तं तुही भाकर कोन खाऊन राहिलं?" हे म्हणाले. पण खात नव्हते.

३

"मैंने पहले दिन बोला था," दिलावर मियाँ म्हणाले. "नाम मत लो, नाम मत लो. अब वो अपना नाम खुद ले रहा है." त्या दिवसापासून दुपारनंतर त्याईनं कोठीच्या बाजूले पाय टाकला नाई.

शेठचं उलटंच. त्यानं डोळे मिटून आयकलं अन् त्याच्या तोंडावर हसू आलं. "कोई भगत भगवान रो नाम ले रियो है, बाई. लेबा दो." दुसऱ्या दिवशी त्यानं उंबऱ्यावर चार तांदूळ ठेवले.

मी दोघाईलेही हसली. मी हुशार ना. म्हटलं, पारवे असतीन. बांबू घेऊन जाळी ठोकली. एक पीस निघालं नाई. मग म्हटलं, दांड्याच्या भोकातून वारं शिरत असन. त्या दुपारी निंबाचं पान हालत नव्हतं. भोकाले कान लावून बसली. माझ्याच कानातलं रक्त वाजे, दुसरं काई नाई. कंटाळून उठली, अन् पाठ वळल्यावर आतून आलं, "जिन." माझ्याकडं तोंड करून बोलल्यासारखं.

"यंत्रच हाय ते," ह्याईचं म्हणणं. "दिवसभर राबलं, बसलं, आपलं नाव घेतलं. तू नाई घरी आली की 'अगं माय, अगं माय' करत बसत?"

"मी मायचं नाव घेतो. माहं नाई."

"लोखंडाले माय कुठून आनू?"

मी हसली. पण एक गोष्ट मले टोचत होती. ह्याईच्या आधी रुई तुडवाले बिंदादीन म्हणून एक परदेशी होता. गंगेकडचा, उंच, कोनाशी फार बोलत नसे. एका दुपारी तो गेला तो गेलाच. शेठ म्हणाला, बडनेऱ्याले जास्त मजुरी देतात, तिकडं पळाला. त्या दिवसात माणसं तशी पळतच होती, आज इथी तं उद्या तिथी. पण रुईत जाताना तो जोडे काढून ठेवे, ते जोडे उंबऱ्याबाहेर तसेच होते.

"जोडे टाकून कोन पळते?" मी विचारलं होतं.

"नवे घेतले असतीन," पार्बताबाई म्हणाली. "आजकाल कोन जुने घालते?"

खरंच कोनी घालत नव्हतं. म्हणून मी परत कचरा वेचाले लागली.

४

हळूहळू ह्याईनं दुपारी बाहेर येणं सोडलं. "आत गार वाटते," म्हणत. भाकर घेऊन आतच बसत. घरी येत तं भुवया पांढऱ्या, कान पांढरे, मिशा पांढऱ्या. "आले काय आजोबा?" मी म्हणो. आधी हसत. मग नुसते पाहत.

अन् एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की हे माझ्या पुढं चालून राहिले. झाडाखाली टेकले नाई. एका गाडीवानानं आपणहून रामराम घातला, त्याले उत्तर दिलं नाई. मी पाटी सांभाळत मागून धावून राहिली होती.

"अवो, थांबा ना! आज कोनाची वरात हाय?"

थांबले नाई.

त्या संध्याकाळी मी खोदून खोदून विचारलं. तेव्हा सांगतलं.

"आत कोनीतरी हाय, मनकर्णे. वाईट नाई. मी त्याच्याशी बोलतो."

"काय बोलता?"

"मी विचारतो, कोन हाय बावा? ते म्हणते, जिन. मी म्हणतो, काय पायजे? जिन. मी म्हणतो, मागं येऊ काय, कोपऱ्यात? तं लय जोरानं म्हणते. जिन, जिन, जिन. येवढ्या आशेनं कोनी बलावलं नाई मले आजवर."

"मी नाई बलावत?"

"तू पालखी पाठवतो म्हणत."

मी हसण्यावारी न्यायचं ठरवलं होतं, पण हसू आलं नाई. म्हटलं, "तुमी त्या कोपऱ्यात जाऊ नका."

"जा लागनच. परवा अकोल्याले गाड्या जाऊन राहिल्या, तिथी बोरे दाबून घट्ट गाठी करतीन. शेठ म्हणते कोठी रिकामी पायजे. उद्या मागची रुई काढाची. बिंदादीन गेल्यापासून तिथी कोनाचा पाय पडला नाई."

"दुसऱ्या कोनाले लावा म्हणा."

"काहून? जीन मले खाते काय?"

मी काय सांगू? माझ्यापाशी कारण काय होतं? एक शब्द. त्याचाही अर्थ मले येत नव्हता, अन् जो येत होता तो घोड्याचा.

५

दुसऱ्या दिवशी राजापेठेत मी पाटी मांडून बसली. मन जाग्यावर नव्हतं; एका गिऱ्हाइकानं मिरच्या मागितल्या तं वांगी दिली. तेवढ्यात एक परदेशीण दोरीले बकरी बांधून चालली होती. बकरीनं मान लांब केली अन् माझ्या सांभाराची जुडी ओढली.

"जिन खा!" बाईनं दोरी हिसकली. बकरीच्या तोंडावर चापट मारली. "अरी, जिन खा! जिन खा!"

मी म्हटलं, "काय वं बाई, बकरीचं नाव जिन ठेवलं?"

ती हसली. दात पानानं लाल. "नाम तो मुनिया है. हम तो कहित हैं, जिन खा."

"मंजे?"

"मंजे... मत खा." तिनं तळहात समोर धरून दाखवला, असा. "जिन माने मत. हमरे देस मा ऐसै बोलत हैं. आगी के लगे, जिन जा. कुआँ मा, जिन झाँक."

"गंगेकडं?"

"हाँ, वहीं."

बिंदादीनही तिकडचाच. बकरीनं परत जुडी धरली. मी तिले हाकललं नाई. तिनं सगळा सांभार खाल्ला अन् मी पाहत बसली.

कोन हाय बावा? नको.

काय पायजे? नको.

मागं येऊ काय, कोपऱ्यात?

नको, नको, नको.

पाटी तिथीच टाकली. चाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली बाई मी. लगीन झाल्यापासून धावली असीन तं सुटलेल्या गोऱ्ह्यामागं. त्या दिवशी लुगडं हातात धरून राजापेठेतून वलगाव रस्त्यापर्यंत धावली. लोकं बाजूले होत. कोनीतरी म्हणालं, "आग लागली काय वं?" मी हो म्हटलं असन. आठवत नाई.

६

पोचली तेव्हा बैल सुटले होते. बाया निंबाखाली. ऊन असं की सावल्या पायाखाली गेलेल्या.

"हे कुठी हाय?"

"आतच," पार्बताबाई म्हणाली. "आज पान्यालेही बाहेर नाई आले. पन तुले काय झालं? पाटी कुठी?"

मी दारापाशी गेली. दार अर्धं उघडं. "अवो!" म्हटलं. हाक खाली पडली. परत म्हटलं. मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्याईच्या समोर नाव घेऊन हाक मारली. "नत्थुजी!" मागं बायाईनं तोंडाले पदर लावले.

आतून आलं, "जिन."

आवाज ह्याईचा होता.

आतापर्यंतचा आवाज कोनाचाच नव्हता. हा ह्याईचा. इतकी वर्षं ज्या आवाजानं मले "मीठ कमी हाय" म्हटलं, तो. माझं डोकं लगेच म्हणालं, मस्करी करून राहिले. सारखं आयकून शिकले अन् मले भेवाडून राहिले. मी म्हटलं, "लय झालं, निघा बाहेर." अन् एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"मनकर्णे, जिन!"

असा घाबरलेला आवाज मी ह्याईचा कधी आयकला नाई, आमची पोरगी वारली तेव्हाही नाई.

मागच्या कोपऱ्यात रुई हालली. गोधडीखाली कोनी कूस बदलावी तशी, हळू, जड. अन् त्या पांढऱ्यातून तळहात वर आला. माझ्याकडं केलेला. परदेशिणीनं दाखवला होता तसा. मग वरची रुई घसरली अन् तो झाकून गेला.

"काय वं, मनकर्णे? धावत काहून आली?"

आवाज मागून आला.

मी वळली. नत्थुजी विहिरीपाशी उभा होता. मिशा पांढऱ्या, मुंडासं नीट. उन्हात उभा होता अन् डोळे बारीक केलेले नव्हते.

"अगं बाई," पार्बताबाई म्हणाली, "हे कधी बाहेर आले? मी तं दारासमोरच बसली हाय."

"चाल आत," तो म्हणाला. "ये, दाखवतो तुले. लय गार हाय."

"आत कोन हाय?"

"कोनी नाई. रुई."

त्यानं माझं कोपर धरलं. भर दुपारी, बायाईच्या देखत. ह्याईनं असं कधी केलं नव्हतं. हाताले वजनच नव्हतं. कापसाचा पेळू धरावा तसं मऊ. अन् तरी मले हात सोडवता येई ना. तो मले उंबऱ्याकडं नेऊन राहिला होता अन् मी जाऊन राहिली होती.

"भर उन्हात नवरा-बायको! लाज धरा वं थोडी!" पार्बताबाई ओरडली अन् सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं शेठ ओट्यावरून उतरला. तेव्हा हात सुटला.

मी शेठचे पाय धरले. म्हटलं, आत माणूस हाय, काढा. भला माणूस तो. स्वतः काठी घेऊन आत गेला, कोपऱ्यात चार ठिकाणी खुपसली. काठी कुठी अडली नाई. "रुई है, बाई. रुई ही रुई." दिलावर मियाँले मी हात जोडले. ते उंबऱ्यापर्यंत आले, आत पाह्यलं, मग विहिरीपाशी उभ्या नत्थुजीकडं पाह्यलं, अन् आपल्या घराकडं चालू लागले. परत कामावर आले नाईत.

मी एकटी आत शिरणार होती. पण तो माझ्या आधी शिरला अन् दाराले आतून कडी घातली. दिवस बुडेपर्यंत आत तुडवण्याचा आवाज येत होता. धप. धप. धप. एकदाही थांबला नाई. दार उघडलं तेव्हा कोठीत नुसती काळी माती होती, झाडून काढलेली. सगळी रुई बोऱ्यात.

"पाह्य," पार्बताबाई म्हणाली. "झालं समाधान? ऊन लागलं तुले. घरी जाऊन कांदा हुंग."

७

घरी मी वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नाई, मुद्दाम. तो सगळी जेवला, ताट चाटून.

'तो' म्हणाली मी. तुमच्या ध्यानात आलं असन. कोपराले हात लागल्यापासून माझ्या तोंडून त्याच्यासाठी 'हे' निघत नाई. जीभ वळतच नाई.

सकाळी बोऱ्याच्या गाड्यांसंगं तो अकोल्याले निघाला. मी म्हटलं, मीही येतो, सत्यभामेले भेटाचं हाय. सत्यभामा माझी बहीण, अकोल्यात दिलेली. तो पुढच्या गाडीवर जाऊन बसला. मी शेवटच्या गाडीवर बोऱ्यांमधी अंग चोरून बसली. गाडी थांबे तिथी उतरो अन् बोऱ्याले कान लावो. ह्या बोऱ्याले, त्या बोऱ्याले. गाडीवान म्हणे, "माय, कापूस पिकला की नाई आयकून राहिली काय?" मी हसो. हसून दाखवाची सवय हो, दुसरं काय. आत काई नव्हतं. वाटभर मी स्वतःले समजावलं की मनकर्णे, तुले ऊन लागलं, नवरा तुहा पुढच्या गाडीवर हाय, हात-पाय-मिशांसकट; तुले आजून काय पायजे?

अकोल्याच्या आवारात बोरे उतरवले. तिथी मोठ्ठं दाबाचं यंत्र होतं, प्रेस म्हणत. खाली चौकोनी खड्डा. त्यात बोरा रिकामा कराचा. वर जाड फळी. फळीच्या वर लाकडाचा मळसूत्री खांब, अन् त्याले आडवे दांडे. आठ-दहा धडधाकट परदेशी ते दांडे छातीनं लोटत गोल फिरत, की फळी खाली जाये. माणसाच्या उंचीची रुई हातभर होई. मुकादमाले माणूस कमी पडला. नत्थुजी आपणहून पुढं झाला अन् एका दांड्याले लागला.

मी खड्ड्यापाशी सरकत गेली. दोन बोरे दाबून झाले होते. तिसरा ओतला तेव्हा कोनाचं लक्ष नाई पाहून मी लाकडाच्या भिंतीले कान लावला.

आधी काईच नाई. मग लय खालून, लय दुरून, ते आलं. ह्याईचा आवाज. अन् आता ते परदेशी बोलीत नव्हतं. समजावून सांगाले कोनी बकरीवाली लागली नाई मले.

"नको वं, मनकर्णे. नको."

वर खांब करकरला. फळी निघाली.

"थांबा!" मी ओरडली. पण त्या आवारात शंभर माणसं ओरडून राहिली होती, बैल, गाड्या, मुकादमाच्या शिव्या. दांड्यावरच्याईले माझी वऱ्हाडी कशी कळन? मग मले सुचलं. माणसं गंगेकडची. मी हात वर केला, तळहात त्याईच्याकडं, अन् जीव तोडून ओरडली, "जिन! भैया, जिन! जिन!"

त्याईनं आयकलं. दांडे लोटता लोटताच एकमेकांकडं पाहून हसले. त्यातला एक दाढीवाला म्हणाला, "जीन हियाँ नाहीं है, माई. जीन अमरावती मा है. ई तो परेस है."

"जीन नाई!" मी म्हटलं. "जिन! तुमच्या घरची बोली! आगी के लगे, जिन जा! जिन दबाव, भैया! आत माणूस हाय!"

दाढीवाल्याचं हसू हळूहळू गेलं. कितीतरी दिवसांनी घरची हाक आल्यासारखा तो माझ्याकडं पाहत राहिला. त्यानं दांडा सोडला. बाजूच्याले काईतरी म्हणाला. त्यानंही सोडला. मग तिसऱ्यानं. एकेक करून सगळे मागं सरले, हात खाली सोडून उभे राहिले.

मी म्हटलं, झालं. वाचले.

खांब करकरतच होता.

सगळे दांडे रिकामे फिरून राहिले होते, एक सोडून. त्याले नत्थुजी लागला होता. छाती लावून नाई. एका हाताचं एक बोट लावून, पाळणा हालवावा तसा, तो हळूहळू गोल चालून राहिला होता. अन् फळी खाली जात होती.